नववी सुई

ऑर्तांस शाबानेलच्या प्रिंटरनं मार्चमध्ये मान टाकली,
एका झालरीच्या मधोमध, कागद तोंडात धरून.
संगणक मात्र ठणठणीत:
हिरव्या अक्षरांचा, अडतीस वर्षांचा,
बिस्किटाएवढ्या जाड फ्लॉपीवर जगणारा.
बनवणारी कंपनी कधीच गाशा गुंडाळून गेलेली.

ल प्वीच्या वर, काळ्या दगडांच्या गावात
ती लेस विणते.
उशीवर टाचण्या, टाचण्यांभोवती दोरा,
लाकडी बॉबिनी एकमेकींवर आपटत राहतात.
कुठली टाचणी कुठे, हे सांगायला ठिपक्यांचा कागद लागतो,
आणि ठिपक्यांचा तो हिशेब तिनंच लिहिलेला,
दोन हिवाळे, चारशे बारा ओळी.
शेवटून तिसऱ्या ओळीत एक चूक आहे. तिला माहीत आहे.

भाचा म्हणाला, नवा घे, सगळंच नवं घे.
नव्या प्रिंटरच्या पाठीला एक चपटं भोक.
तिची वायर रुंद, छत्तीस दातांची.
आपल्याकडे लग्न जमवताना छत्तीस गुण बघतात,
आणि बिनसलं की तोच छत्तीसचा आकडा,
तीन आणि सहा, पाठीला पाठ लावून बसलेले.
हे ऑर्तांसला कोण सांगणार?
तिनं फक्त दात मोजले, चष्मा पुसून, दोनदा.

सँतेत्येनच्या दुकानातला यानिस हसला नाही.
गोदामातून एक काढून आणला, फुंकर मारून:
चोवीस सुयांचा. जुन्याला नऊच होत्या.
"हा वरचढ आहे, बाई."
दात छत्तीसच्या छत्तीस बसले.
अक्षरं इतकी देखणी उमटली
की तिलाच संकोच वाटला.
मग तिनं गोल कॉलर छापली.
अंडं आलं.
पुन्हा छापली. अंडंच.
चोवीस सुयांना नवांचं अंतर उमगत नाही,
त्या आपल्याच मापानं पावलं टाकतात.
"असल्या गळ्याची बाई आमच्या गावात नाही," ती म्हणाली.
"एक होती. ती लियाँला गेली."

शेवटी मिळाला तो गुरांच्या बाजारात.
वजनकाट्यावर मार्सियाल रूव्हेर बसतो,
त्याच्या कोपऱ्यातला, वर्षानुवर्षं बैल छापलेला,
सातशे चाळीस किलो, आठशे दहा,
आणि आता पडद्यावरच दिसतं सगळं, म्हणून मुका.
"सुया किती?" तिनं विचारलं.
"डॉक्टर पलीकडे बसतात," मार्सियाल म्हणाला.
तिनं झाकण उघडलं, भिंग लावलं, ओठांनी मोजलं.
बदल्यात मसुराची पिशवी, पाच किलोंची.
त्यानं ती काट्यावर ठेवून बघितली.
"चार किलो नऊशे."
तरीही प्रिंटर गाडीपर्यंत उचलून दिला.

पोटात पेंढा, रिबिनीला गोठ्याचा वास.
मागचे बारीक खटके कुणी तरी डेन्मार्कवर लावलेले,
कंस बंद करायला जावं
तर डोक्यावर कडी घातलेलं एक परकं अक्षर.
तिनं काडीनं खटके खाली पाडले.
मग कॉलर.
आवाज असा, की शेजारची कुत्री उठून बसली.
वर्तुळ निघालं. निघालं खरं,
पण दर ओळीच्या तळाला एक पांढरी फट:
नववी सुई कुठल्याशा बैलापाशी गेलेली.

भाच्याला तिनं फोन केला नाही.
खिडकीशी बसली, कागद उजेडात धरला,
उशीतली एक टाचणी उपसली
आणि ठिपका नव्हता तिथे टोचत गेली.
आठ त्याच्या, एक तिची,
आठ त्याच्या, एक तिची,
ऊन मसुराच्या शेतावरून उतरेपर्यंत.
बोट आखडलं तेव्हा एक भोक जरा डावीकडे पडलं.
तिनं कागद उशीवर अंथरला,
आणि दोरा तिथून, डावीकडूनच, वळवला.